जमिनीचा प्रतिध्वनी ऐकून ज्यांनी तेल शोधलं, त्यांचीच युक्ती आज कार्बन पुरायला कामी येतेय

बाजारात कलिंगड घेताना आपण काय करतो? उचलतो, कानाजवळ नेतो आणि वरून दोन टिचक्या मारतो. आवाज कसा येतो त्यावरून आत काय असेल याचा अंदाज बांधतो. माठ घेतानाही तेच. आत डोकावता येत नाही, म्हणून आवाजाला विचारायचं.

हीच टिचकी जमिनीला मारली तर? दोन-तीन किलोमीटर खाली कुठला खडक आहे, तो कुठे वाकलाय, कुठे चिरलाय, हे वरून बसल्या बसल्या कळेल का?

४ जून १९२१ या दिवशी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या उत्तरेला बेल आइल नावाच्या भागात काही जणांनी नेमकं हेच करून पाहिलं. जमिनीत स्फोटकं पुरली, उडवली आणि खालून परत येणारा आवाज टिपायला यंत्रं लावली. या प्रयोगामागचा मुख्य माणूस होता जॉन क्लॅरेन्स कार्चर. वय वर्षं २७.

त्या प्रयोगातून जे तंत्र उभं राहिलं त्याला आज रिफ्लेक्शन सिस्मिक सर्व्हे म्हणतात. पुढच्या शंभर वर्षांत जगातलं बहुतेक तेल आणि वायू याच तंत्रानं सापडला. तो जाळून हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा जमिनीत पुरायचा झाला, तर जागा बरोबर आहे की नाही हे तपासायलाही आज हेच तंत्र वापरतात.

म्हणूनच या माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. त्यात एक वळण असं आहे, जे आजच्या कार्बन साठवणुकीच्या चर्चेला तंतोतंत लागू पडतं.

तेलाच्या प्रदेशात वाढलेला मुलगा

कार्चर यांचा जन्म १८९४ चा, इंडियाना राज्यातल्या डेल गावातला. ते लहान असतानाच कुटुंब ओक्लाहोमात आलं. तेव्हा ओक्लाहोमा अजून राज्यही नव्हतं. राज्याचा दर्जा मिळाला १९०७ मध्ये, म्हणजे कार्चर १३ वर्षांचे झाले तेव्हा. त्याच सुमारास तिथे तेलाचे मोठे साठे सापडायला लागले होते. माळरानावर एका रात्रीत गाव उभं राहायचं आणि विहीर कोरडी निघाली की तितक्याच झटपट ओस पडायचं.

त्या काळी तेल शोधायचं कसं? जमिनीवर तेल पाझरताना दिसलं तर तिथे खोदायचं. नाहीतर भूशास्त्रज्ञाला घेऊन फिरायचं, उघड्या खडकांचे उतार मोजायचे आणि खाली खडक कुठे कमानीसारखा वर आला असेल याचा तर्क करायचा. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके. ते खडकातल्या बारीक छिद्रांतून वर सरकत जातात आणि वर पक्कं झाकण असलेली कमान मिळाली की तिथे अडकतात. पण वरून सपाट माती असेल तर खालची कमान दिसणार कशी? मग नशिबावर भरवसा. खोदलेल्या विहिरींतल्या बऱ्याचशा कोरड्या निघायच्या.

कार्चर ओक्लाहोमा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र शिकले. १९१६ मध्ये पदवी घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेट करायला गेले. पण मध्येच पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि अभ्यास बाजूला राहिला.

तोफा शोधता शोधता

युद्धात कार्चर यांच्या वाट्याला वेगळंच काम आलं. वॉशिंग्टनमधल्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत शत्रूच्या तोफा शोधायच्या यंत्रांवर काम सुरू होतं. तोफ दिसत नाही, पण तिचा आवाज येतो. चार-पाच ठिकाणी मायक्रोफोन ठेवले तर तो आवाज प्रत्येक ठिकाणी थोड्या वेगळ्या वेळी पोहोचतो. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत हे फरक मोजले की तोफ नेमकी कुठे आहे याचं गणित मांडता येतं.

तिथेच ओक्लाहोमा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हेसमन हेही होते. तोफेचा धक्का हवेतून येतो तसा जमिनीतूनही येतो, हे या मंडळींना माहीत होतं. मग त्यांनी कोडं उलटं केलं. आवाज कुठे झाला हे माहीत नसलं तर ते शोधता येतं. पण आवाज कुठे आणि कधी झाला हे आपल्यालाच पक्कं माहीत असेल, तर उरलेल्या आकड्यांवरून मधल्या जमिनीबद्दल काही कळेल का?

ही कल्पना एकट्या कार्चर यांना सुचली असं नाही. रेडिओवरच्या कामासाठी गाजलेले रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये समुद्रात हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी टिपून दाखवला होता. जमिनीतली खनिजं आवाजानं शोधायच्या पद्धतीचं पेटंटही त्यांना १९१७ मध्ये मिळालं होतं. जर्मनीत लुडगर मिंट्रोप हे खाणतज्ज्ञ अशाच दिशेनं काम करत होते. पण खोलवरच्या खडकाच्या थरावर आपटून परत आलेला क्षीण आवाज पकडायचा, त्यावरून थराची खोली काढायची आणि त्याचा नकाशा करायचा, हे प्रत्यक्षात करून दाखवणं बाकी होतं. ते कार्चर आणि त्यांच्या सोबत्यांनी केलं.

उत्तर माहीत असलेला पेपर

युद्ध संपलं. १९२० मध्ये कार्चर यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. हेसमन यांनी ओक्लाहोमातल्या दोन भूशास्त्रज्ञांना, डॅनियल ओहर्न आणि अर्व्हिंग पेरीन यांना, सोबत घेतलं आणि १९२१ च्या वसंतात जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग कंपनी नावाची छोटीशी कंपनी निघाली. कार्चर नोकरीतून रजा घेऊन आले.

जूनमधला बेल आइलचा प्रयोग ही पहिली चाचणी. यंत्रं चालतात, आवाज टिपला जातो, इतकं कळलं. पण टिपलेला आवाज खरंच खालच्या थरावरून आलाय, की दुसराच कुठला गोंगाट आहे, हे ठरवायचं कसं?

इथे त्यांनी केलेली गोष्ट शास्त्रात फार महत्त्वाची असते. त्यांनी परीक्षेसाठी असा पेपर निवडला ज्याचं उत्तर आधीच माहीत होतं.

ओक्लाहोमाच्या दक्षिणेला आर्बकल नावाच्या डोंगररांगा आहेत. तिथे खडकांचे थर कलंडून जमिनीवर उघडे पडलेत. कुठला खडक कुठे जमिनीत शिरतो आणि किती उतारानं खाली जातो हे भूशास्त्रज्ञ डोळ्यांनी पाहून सांगू शकत होते. शिवाय त्या खडकांतून आवाज किती वेगानं जातो हेही तिथल्या तिथे मोजता येत होतं. म्हणजे आवाजावरून काढलेली खोली आणि भूशास्त्रानं सांगितलेली खोली शेजारी ठेवून पाहता येणार होती.

जुलै आणि ऑगस्ट १९२१ मध्ये व्हाइन्स ब्रांच नावाच्या ओढ्याजवळ त्यांनी एका सरळ रेषेत स्फोट करत मोजमापं घेतली. वर सिल्व्हन नावाचा शेल, म्हणजे चिकणमातीपासून बनलेला खडक. खाली व्हायोला नावाची चुनखडी. दोन खडकांची घनता वेगळी, त्यांतून आवाजाचा वेगही वेगळा. त्यामुळे दोघांच्या सीमेवरून आवाजाचा काही भाग परत फिरतो. ती सीमा त्यांनी कागदावर उतरवली. प्रतिध्वनीवरून काढलेला जमिनीच्या पोटातला जगातला पहिला छेद म्हणून हा कागद ओळखला जातो.

हिशेब तसा सोपा आहे. समजा स्फोटानंतर २ सेकंदांनी प्रतिध्वनी आला आणि खडकातून आवाज सेकंदाला ३,००० मीटर वेगानं जातो. २ सेकंदांत आवाजानं ६,००० मीटर कापले. पण त्यात जाणं आणि येणं दोन्ही आलं, म्हणून थर ३,००० मीटर खोल. दहा ठिकाणी हेच केलं की थर कुठे वर येतो, कुठे खाली जातो हे दिसायला लागतं. अडचण एकच: खडकातला वेग चुकीचा धरला तर खोलीही चुकते. म्हणून तर आर्बकलच्या उघड्या खडकांची गरज होती.

भाव पडला, पेटारा बंद

आता वाटेल की तेल कंपन्यांनी दारात रांग लावली असेल. झालं उलटंच.

१९२० मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला ३ डॉलरच्या थोडा वर होता. १९२१ मध्ये तो पावणेदोन डॉलरच्या आसपास घसरला. नव्या विहिरींतून तेल धो धो येत होतं आणि घ्यायला गिऱ्हाईक कमी. आहे तेच तेल विकलं जात नाही म्हटल्यावर नवीन शोधायच्या यंत्रावर पैसे कोण घालणार? मार्लंड या तेल कंपनीसाठी थोडं काम झालं, पण ते पुढे सरकलं नाही. कंपनी गुंडाळावी लागली.

यंत्र चाललं होतं. गणित जुळलं होतं. तरीही सगळं पेटाऱ्यात गेलं, कारण त्या क्षणी बाजाराला त्याची गरज नव्हती. कार्चर पुन्हा नोकरीवर गेले. आधी ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स, मग वेस्टर्न इलेक्ट्रिक ही दूरसंचार क्षेत्रातली कंपनी. जमिनीचा आवाज ऐकायचं काम जवळपास चार वर्षं बंद पडलं.

ही चार वर्षं लक्षात ठेवा. शेवटी परत त्यांच्याकडेच यायचंय.

डिगोलियर यांचा निरोप

१९२५ मध्ये कार्चर यांच्याशी एव्हरेट डिगोलियर यांनी संपर्क साधला. हे अमेरादा तेल कंपनीतले बडे भूशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत त्यांनी सुचवलेल्या जागेवर त्या काळातली जगातली एक मोठी विहीर लागली होती. आता भौतिकशास्त्राची यंत्रं तेल शोधायला आणायचीच, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. मिंट्रोप यांच्या जर्मन तुकड्या अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर येऊन कामाला लागल्या होत्या, हेही त्यांना दिसत होतं.

अमेरादानं जिओफिजिकल रिसर्च कॉर्पोरेशन ही कंपनी काढली आणि तिची तांत्रिक धुरा कार्चर यांच्याकडे आली. सुरुवातीला त्यांनी वेगळी, सोपी पद्धत वापरली. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनारपट्टीवर जमिनीखाली मिठाचे प्रचंड घुमट आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला तेल अडकतं. मिठातून आवाज भोवतालच्या मऊ गाळापेक्षा खूप जोरात धावतो. स्फोट केल्यावर एखाद्या ठिकाणी आवाज अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचला, की वाटेत मिठाचा घुमट आहे असं समजायचं. या रीतीनं बरेच घुमट सापडले.

पण ओक्लाहोमात मिठाचे घुमट नव्हते. तिथे हव्या होत्या त्या चुनखडीतल्या हलक्या कमानी, आणि त्या दिसायच्या तर प्रतिध्वनीच ऐकावा लागणार होता. कार्चर जुन्या पद्धतीकडे परत आले. यंत्रं एव्हाना बरीच सुधारली होती. सेमिनोल शहराजवळ त्यांच्या तुकड्यांनी व्हायोला चुनखडीतच एक कमान शोधली. तोच खडक, ज्याची सीमा त्यांनी सात वर्षांपूर्वी आर्बकलमध्ये कागदावर काढली होती. डिसेंबर १९२८ मध्ये तिथे विहीर खोदली आणि तेल लागलं. प्रतिध्वनीच्या सर्व्हेनं दाखवलेल्या जागी तेल मिळाल्याची जगातली ही पहिली नोंद.

एका कंपनीतून दुसरी, दुसरीतून चिप

१९३० मध्ये कार्चर आणि त्यांचे सहकारी यूजीन मॅकडरमॉट यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव जिओफिजिकल सर्व्हिस इन्कॉर्पोरेटेड, थोडक्यात जीएसआय. पाठीशी डिगोलियर होतेच. वर्ष बघा: जगभर महामंदी सुरू झालेली. पण आता कोरडी विहीर खोदण्यापेक्षा आधी सर्व्हे करणं स्वस्त पडतं, हे तेल कंपन्यांना पटलं होतं. जीएसआयच्या तुकड्या देशोदेशी जाऊ लागल्या.

पुढे कार्चर यांना दुसऱ्यांसाठी तेल शोधण्यापेक्षा स्वतःच तेल काढण्यात रस वाटू लागला. कंपनीचा तो भाग कोरोनाडो नावानं वेगळा झाला आणि १९४१ मध्ये एका मोठ्या तेल कंपनीला विकला गेला. सर्व्हे करणारा भाग त्या खरेदीदाराला नको होता. तो जीएसआयमधल्याच चौघांनी पैसे गोळा करून विकत घेतला: मॅकडरमॉट, सेसिल ग्रीन, एरिक जॉन्सन आणि एच. बी. पीकॉक. व्यवहार झाला ६ डिसेंबर १९४१ ला. दुसऱ्याच दिवशी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला.

युद्धात या कंपनीनं नौदलासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवली. तो धंदा इतका वाढला की १९५१ मध्ये कंपनीचं नावच बदललं: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. हो, कॅल्क्युलेटरवाली तीच. १९५८ मध्ये तिथल्याच जॅक किल्बी यांनी इंटिग्रेटेड सर्किट बनवलं. अशा चिप्सवर चालणाऱ्या संगणकांमुळे पुढे सिस्मिक सर्व्हेचं रूपच पालटलं. एका रेषेतला छेद जाऊन जमिनीचं त्रिमितीय चित्र आलं. लाखो प्रतिध्वनींचा हिशेब हातानं करणं शक्यच नव्हतं.

कार्चर यांचं निधन १३ जुलै १९७८ ला डॅलसमध्ये झालं. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा वाढतच होता आणि शास्त्रज्ञांना काळजीही वाटू लागली होती. पण तो जमिनीत पुरायचा मोठा प्रकल्प अजून १८ वर्षं दूर होता.

टिचकी तीच, प्रश्न उलटा

नॉर्वेच्या उत्तर समुद्रात स्लाइपनर नावाचं वायुक्षेत्र आहे. तिथल्या एका भागातल्या नैसर्गिक वायूत जवळपास ९ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. विकायचा तर तो अडीच टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. वेगळा केलेला वायू सरळ हवेत सोडता आला असता. पण १९९१ मध्ये नॉर्वेनं समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर लावला. सोडाल तर पैसे भरा. मग तिथल्या सरकारी तेल कंपनीनं ठरवलं, तो परत खालीच घालायचा. १९९६ पासून समुद्रतळाच्या ८०० ते १,००० मीटर खाली, उत्सिरा नावाच्या वाळूच्या खडकात, दरवर्षी १० लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जाऊ लागला.

अशी जागा निवडताना सिस्मिक सर्व्हेला चार प्रश्न विचारतात.

पहिला, खडक पुरेसा खोल आहे का? साधारण ८०० मीटरच्या खाली दाब आणि उष्णता इतकी असते की कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो आणि कमी जागेत मावतो.

दुसरा, तो खडक किती जाड आहे आणि किती लांबवर पसरलाय? छिद्रांतली जागा किती, हे यावरून आणि विहिरींतल्या नमुन्यांवरून ठरतं.

तिसरा, वर झाकण आहे का? म्हणजे वायू आरपार जाऊ न देणारा शेलसारखा थर. तो सलग हवा.

चौथा, त्या झाकणाला भेगा आहेत का? थर एका बाजूला सरकलेला दिसला तर तिथे प्रस्तरभंग असतो आणि त्याच वाटेनं वायू वर येऊ शकतो.

थोडक्यात, कार्चर ज्या कमानी आणि झाकणं शोधत होते, तीच आजही शोधायची. फक्त त्यांना विचारायचं होतं की इथे काही अडकलंय का. आता विचारायचं की इथे घातलेलं अडकून राहील का.

स्लाइपनरमध्ये एक काम वेळेवर झालं. १९९४ मध्ये, म्हणजे वायू घालायच्या आधीच, त्या भागाचा त्रिमितीय सर्व्हे करून ठेवला होता. १९९९ मध्ये तोच सर्व्हे पुन्हा केला आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. जिथे आधी जवळपास काहीच दिसत नव्हतं, तिथे ठळक प्रतिध्वनींच्या पट्ट्या उमटल्या होत्या. खारट पाण्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड शिरला की त्या खडकातून आवाज हळू जातो, त्यामुळे सीमेवरून जास्त आवाज परत येतो. वायू आतल्या पातळ शेलच्या थरांखाली पसरत पसरत तीन वर्षांतच वरच्या झाकणापर्यंत पोहोचला होता आणि तिथे अडला होता. नंतर काही काही वर्षांनी तोच सर्व्हे परत परत झाला. आर्बकलमधली रीत इथेही कामी आली: आधी माहीत असलेली स्थिती पक्की करून ठेवा, मगच बदल मोजा.

प्रतिध्वनी सगळं सांगत नाही

पण टिचकीवर घेतलेलं कलिंगडही कधीकधी फसवतंच.

नॉर्वेतच स्नोव्हिट नावाच्या दुसऱ्या ठिकाणी २००८ पासून वायू खाली घालायला सुरुवात झाली. सर्व्हेत जागा बरी वाटली होती. पण प्रत्यक्षात दाब अपेक्षेपेक्षा झपाट्यानं चढला, कारण खडकात वायू पसरायला पुरेशी वाट नव्हती. २०११ मध्ये विहिरीत बदल करून वायू दुसऱ्या थरात घालावा लागला. पुन्हा केलेल्या सर्व्हेनं दाब कुठे साचलाय हे दाखवलं, म्हणून निर्णय घेता आला. पण हे कळलं वायू घातल्यानंतर.

अल्जीरियातल्या इन सलाह इथे २००४ ते २०११ या काळात सुमारे ३८ लाख टन कार्बन डायऑक्साइड खाली गेला. तिथे इशारा दिला तो उपग्रहांनी. वाळवंटाची जमीन विहिरींच्या वर काही मिलिमीटर उचलली जात होती. एका ठिकाणी उचलण्याचा आकार दोन फुगवट्यांचा होता, म्हणजे खाली उभी भेग उघडत असावी. २००९ च्या सर्व्हेतही त्या दिशेच्या खुणा दिसल्या. झाकणाच्या खालच्या भागावर ताण येतोय अशी शंका आल्यावर वायू घालणं थांबवलं.

या तंत्राच्या मर्यादा सरळ आहेत. काही मीटरच्या बारीक भेगा त्यात दिसत नाहीत. कठीण, कमी छिद्रांच्या खडकात पाण्याऐवजी वायू आला तरी आवाजात फारसा फरक पडत नाही. आणि वायू कुठे आहे हे चांगलं कळलं, तरी नेमके किती टन आहेत हे एकट्या प्रतिध्वनीवरून सांगता येत नाही. म्हणून सोबत दाबाची मोजणी, विहिरींतले नमुने, उपग्रह, सगळंच लागतं.

आपल्या दारात

कार्चर यांच्या तंत्राचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात जे बॉम्बे हाय आहे, त्याचा माग साठच्या दशकात भारतीय आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या सिस्मिक सर्व्हेत लागला. १९७४ मध्ये सागर सम्राट या फिरत्या व्यासपीठावरून विहीर खोदली आणि तेल निघालं. खालची ती प्रचंड कमान कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्या पायाखालच्या काळ्या कातळाची. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड मुरवता येईल का, याचा अभ्यास शास्त्रज्ञ करत आहेत, कारण बेसॉल्टशी रासायनिक क्रिया होऊन या वायूचा दगड बनू शकतो. आइसलँडमध्ये हे करून दाखवलंय. पण गंमत अशी की बेसॉल्ट हा सिस्मिक सर्व्हेला जड जाणारा खडक. लाव्ह्याचे एकावर एक थर आवाज इतका विखरून टाकतात की खालचा प्रतिध्वनी गोंगाटात हरवतो. इथे टिचकीपुढेही काहीतरी शोधावं लागणार.

पेटारा पुन्हा बंद होऊ नये म्हणून

आता त्या चार वर्षांकडे येऊ. १९२१ मध्ये कार्चर यांचं यंत्र चाललं होतं, तरी पेटाऱ्यात गेलं, कारण तेलाचा भाव पडला होता. १९२५ मध्ये गरज आणि पैसा परत आला आणि तेच यंत्र जगभर पोहोचलं.

कार्बन साठवणुकीचं गणित याहून अवघड आहे. तेल सापडलं तर विकता येतं. पुरलेला कार्बन कुणी विकत घेत नाही. सर्व्हे, विहिरी, पाइपलाइन आणि नंतर दशकानुदशकं ठेवायची पाळत, हा सगळा नुसता खर्च. स्लाइपनर उभं राहिलं, कारण वायू हवेत सोडणं महाग पडत होतं. जिथे सोडणं फुकट आहे, तिथे जागा कितीही चांगली असली आणि सर्व्हे कितीही स्पष्ट असला, तरी काम सुरू होत नाही. आणि सुरू होऊन मध्येच पैसा आटला, तर खाली घातलेल्या वायूवर नजर ठेवायची कुणी, हा प्रश्न उरतो. कार्चर यांच्या यंत्राला चार वर्षं पेटाऱ्यात राहणं परवडलं. जमिनीत घातलेला वायू तसा थांबून राहत नाही.

ओक्लाहोमा सिटीत जिथे पहिला प्रयोग झाला, त्या भागात आज त्याचं स्मारक आहे. भूभौतिक तज्ज्ञांची अमेरिकेतली संघटना कार्चर यांच्या नावानं तरुण संशोधकांना पुरस्कार देते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या २७ वर्षांच्या तरुणाला विचारायचं होतं, खाली काय आहे. आजच्या तरुणांना विचारायचंय, आपण खाली ठेवलेलं अजून तिथेच आहे ना. दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायला जमीन तयार आहे. ऐकत राहण्याचा खर्च कोण उचलणार, तेवढं मात्र आपल्याला ठरवावं लागेल.